मैदानावरच्या मास्तराने शिकायचं कुठे?

सातपूरला श्रमिकनगरच्या कडेला एक मोकळं मैदान आहे. मधोमध क्रिकेटची पिच, एका बाजूला बाभळी, पावसाळ्यात अर्ध्या भागात घोटाभर चिखल. तिथे गेली चौदा वर्षं मी मुलांना पळायला शिकवतो. फी घेत नाही, कुठल्या संस्थेचा नोकरही नाही. पोटापाण्याचं काम अंबडच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. फर्स्ट शिफ्ट असली की सराव संध्याकाळी साडेपाचला, सेकंड असली की सकाळी सहाला. नाइटच्या आठवड्यात मोठी मुलं धाकट्यांना वॉर्मअप देतात आणि मी कंपनीच्या बसमधून उतरून थेट मैदानावर येतो.

मागच्या आठवड्यात सिडकोतल्या एका तरुणाचा फोन आला. "सर, आमच्या कॉलनीतली दहा-बारा पोरं पळायला येतात. त्यांना नीट शिकवायचंय. कोर्स कोणता करू?" अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की कोर्सबद्दल मी दोन मिनिटं बोललो आणि उरलेला सगळा वेळ एका मुलीच्या नडगीबद्दल. ते त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे भांडवल एकच होतं, कॉलेजात असताना क्रॉसकंट्री पळालो होतो. आमच्या सरांनी आमच्याशी जे केलं ते मी मुलांशी केलं. पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात दुखतं. आल्या आल्या उभ्याने पाय ताणायचे आणि लगेच सुटायचं. उशीर झाला की पाच राउंड शिक्षा. ज्या मुलांना पळण्याची गोडी लागावी म्हणून मी पहाटे उठत होतो, त्यांनाच मी पळणं शिक्षा म्हणून देत होतो. हे तेव्हा मला दिसलंच नाही, कारण मला कोणी दाखवलं नव्हतं.

त्यात आपलं नाशिक. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये ब्राँझ. तिच्या गावावरून पडलेलं 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे नाव घराघरात गेलं. आमच्या वस्तीत पेठ, सुरगाणा, हरसूलकडून कामाला आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी ती घरचीच मुलगी. वडील मुलीचा हात धरून मैदानावर यायचे आणि म्हणायचे, "सर, हिला कवितासारखी करा." त्या काळात नाशिकमध्ये पोरांना पळवणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं: चारशे मीटरच्या ट्रॅकवरच्या पंचवीस फेऱ्या. ती पदकं मिळवताना कविता पंचवीस वर्षांची होती आणि त्याआधी तिने विजेंदर सिंग सरांच्या हाताखाली कित्येक वर्षं घातली होती, हा भाग आम्ही बघितला नाही. मी अकरा वर्षांच्या पोरांना गंगापूर रोडने आठ-आठ किलोमीटर नेत होतो. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. चढायच्याही पळत आणि उतरायच्याही पळत.

२०१५ साली माझ्याकडे आठवीतली एक मुलगी होती. आई गिरणारेकडे द्राक्षबागांत मजुरीला जायची. मुलगी अंगाने काटक, दम जबरदस्त, एक दिवस खाडा नाही. दिवाळीनंतर ती एकदा म्हणाली, "सर, नडगीत दुखतंय." मी म्हटलं, थोडं सहन कर, जिल्ह्याची स्पर्धा झाली की आराम करू. दोन-चार दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. मी मलम लावायला सांगितलं. त्यानंतर तिने सांगणंच बंद केलं आणि मला वाटलं, बरं झालं. तीन आठवड्यांनी ती जिल्ह्याला पळाली, तिसरी आली, आणि रेषा ओलांडून खाली बसली ती पाय टेकवेचना. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. स्ट्रेस फ्रॅक्चर हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला: "आठवड्याला किती किलोमीटर पळते ही?"

मला सांगता आलं नाही. कारखान्यात माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक लॉटची नोंद असते. कोणत्या मशीनवर झाला, किती वाजता तपासला, व्यास किती मायक्रॉनने कमी-जास्त. पाच वर्षांपूर्वीचा लॉट विचारा, फाइल काढून दाखवीन. आणि जी मुलगी दोन वर्षं रोज माझ्यासमोर पळत होती, तिच्याबद्दल माझ्याकडे एक ओळ लिहिलेली नव्हती.

तिची आई बाकावर बसली होती. चिडली नाही, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाला म्हणून पळाली ती."

मुलगी बरी झाली. परत मैदानावर आली, वर्षभर पळाली आणि मग सोडलं. आता नाशिकरोडला एका दुकानात कामाला आहे, भेटली की हसून बोलते. तिने पळणं का सोडलं हे मी तिला कधी विचारलं नाही.

नडगीच्या दुखण्यात फरक असतो, हे मी त्यानंतर शिकलो. नडगीच्या आतल्या कडेने लांब पट्ट्यात ठणकतं, वॉर्मअप झाल्यावर कमी होतं, ते वेगळं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबलं की कळ येते, एका पायावर उडी मारली की मूल तोंड वेडंवाकडं करतं, रात्री झोपल्यावरही दुखतं, तेव्हा त्या दिवशीच पळणं बंद आणि डॉक्टर. एवढं कळायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मला कोणी दिली नव्हती आणि मीही कोणाकडे मागायला गेलो नव्हतो.

तेव्हापासून वही आहे. प्रत्येक मुलाचं पान. तारीख, किती अंतर, झोप किती, कुठे दुखतंय का. आणि दर तीन महिन्यांनी उंची. बाभळीशेजारच्या भिंतीवर मी टेप चिकटवली आहे, त्यावर मुलं पाठ लावून उभी राहतात आणि मी डोक्यावर गुण्या ठेवून वाचतो. उंची कशासाठी? मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलगे तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढतात. त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर सहज. वाढणारं हाड ताण सोसायला अजून तयार नसतं. गुडघ्याखाली आणि टाचेत, जिथे स्नायूचं टोक वाढत्या हाडाला ओढतं, तिथे दुखायला लागतं. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या वर वाढ दिसली की त्या मुलाचं अंतर मी कमी करतो, मग स्पर्धा कितीही तोंडावर असो. यावरून दोन पालकांनी पोरं काढून नेली. नेऊ देत.

आता कोर्स. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे. तिथला डिप्लोमा वर्षभराचा, सर्टिफिकेट कोर्स सहा आठवड्यांचा. ज्याला जमेल त्याने डोळे झाकून करावा. पण वर्षाची सगळी रजा एकत्र केली तरी माझे सहा आठवडे होत नाहीत, आणि ती रजा घरच्या लग्नाकार्याला, आजारपणाला लागते. आमच्यासारख्या शेकडो जणांची हीच गत आहे. एका शिबिराला मी साप्ताहिक सुटीच्या दिवशी डबा घेऊन गेलो होतो. दारातच विचारलं, कोणत्या शाळेचे क्रीडाशिक्षक? कोणत्याच नाही म्हटल्यावर नाव लिहून घेतलं नाही. परत आलो. मला त्याचा आजही राग आहे. वस्त्यांमधली मुलं आमच्याकडे येतात, सकाळी सहाला त्यांच्यावर लक्ष आमचं असतं, आणि शिकण्याच्या जागी मात्र आम्हाला खुर्ची नाही.

नंतर दोन कार्यशाळा मिळाल्या, दोन्ही शनिवार-रविवारच्या. मोबाइलवर वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेचं, लहान मुलांसाठीचं 'किड्स ॲथलेटिक्स' साहित्य वाचलं. त्यातून एक मोठी गोष्ट मिळाली. लहान वयात मुलांनी पळावं, उड्या माराव्यात, फेकावं, आणि तेही संघ करून, रिलेसारखं. लांब अंतराची घाई नको. त्या वाचनानंतर मी बारा वर्षांखालच्या मुलांचा आठ किलोमीटरचा रस्ता कायमचा बंद केला. आता ती टायरवरून उड्या मारतात, कापडी चेंडू फेकतात, चार-चारच्या टोळ्या करून रिले पळतात. मैदानावर हशा वाढला. गळती कमी झाली. पण कार्यशाळेत एक उणीव दोन्ही वेळा जाणवली. सगळं आठ लेनच्या ट्रॅकचं आणि पडद्यावरचं. मी माझ्या मैदानावर, माझ्या पोरांसमोर काय करतो, हे कोणी बघितलं नाही.

ते बघितलं आप्पांनी.

आप्पा आमच्या भागातले जुने खो-खोचे प्रशिक्षक, निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. सकाळच्या फिरण्यात मैदानाच्या कठड्यावर टेकायचे. आठ-दहा दिवस नुसतं बघितलं. मग एकदा मला बोलावलं आणि म्हणाले, "तू पोरांना पळवतोस छान, पण बोलतोस किती रे? तू ओरडतोस तेव्हा पोरगं तुझ्याकडे बघतं. स्वतःच्या पायाकडे कधी बघणार?"

मला पटलं नाही. मी फार बोलत नाही असंच मला वाटत होतं. आप्पा म्हणाले, मोज. दहावीतली एक मुलगी पाय मुरगळल्यामुळे बसून होती. तिच्या हातात वही दिली. सर जितक्या वेळा तोंड उघडतील तितक्या रेघा मारायच्या, आणि ज्याचं नाव घेतील ते लिहायचं.

पंचेचाळीस मिनिटांत १३७ रेघा. त्यातल्या निम्म्याच्या आसपास "चल, चल", "पळ", "जोर लाव". मैदानावर सव्वीस मुलं होती, नावं घेतली नऊ जणांची. आणि ती नऊच्या नऊ पुढे पळणारी. मागच्या सतरा जणांना त्या सकाळी माझ्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायला मिळालं नाही. मुलीने ते पान फाडून माझ्या हातात दिलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचं स्वतःचं नाव त्या नऊ जणांत कधी नसायचं.

आप्पांनी पुढचे पंधरा दिवस मला शिट्टी खिशात ठेवायला लावली. सांगायचं नाही, विचारायचं. एक सातवीतला मुलगा होता, पळताना त्याचे हात छातीसमोर आडवे जायचे. "हात सरळ ठेव" हे मी त्याला वर्षभर ओरडून सांगत होतो. त्या दिवशी मी त्याला थांबवून विचारलं, "तुझा हात मागे जातो तेव्हा कुठे लागतो?" तो दोन पावलं पळाला, थांबला, म्हणाला, "कुठेच नाही, सर. पोटासमोरच फिरतोय." मग मी म्हटलं, खिशाजवळून मागे गेला पाहिजे. त्याच्या हाफ पँटला खिसाच नव्हता. तो पिचच्या कडेला गेला, चुन्यात बोट बुडवलं, दोन्ही बाजूंना कमरेखाली एकेक चौकोन काढला आणि पळायला लागला. दर पावलाला हात त्या पांढऱ्या चौकोनाला घासत होता. चौथ्या राउंडला चौकोन पुसून गेले होते आणि हात सरळ झाले होते. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी चौकोन काढले. वर्षभराच्या ओरडण्याने जे झालं नाही ते एका प्रश्नाने झालं, आणि उत्तर पोरानेच शोधलं.

घरातूनही शिकलो. एका वर्षी माझ्याकडच्या तीन मोठ्या मुली एकदम मागे पडायला लागल्या. वहीत मी लिहिलं होतं, 'मेहनत कमी'. माझी बायको अंगणवाडीत सेविका आहे. एका रविवारी ती मैदानावर आली, त्या तिघींच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून आतून बघितल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, या पोरी पांढऱ्याफटक पडल्यात. मेहनत काय कमी म्हणता?" रक्त तपासलं. एकीचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी त्या मळमळतं म्हणून टाकून देत होत्या. बायकोने डॉक्टरांना विचारून समजावलं: जेवणानंतर घ्या, वरून चहा पिऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळून खा, पेरू खा. तीन महिन्यांनी त्या मुली पळताना दिसल्या तेव्हा मी वहीतली ती ओळ खोडली नाही, तशीच ठेवली आहे. नव्या प्रशिक्षकांना मी ते पान दाखवतो.

तेव्हापासून बायको आठवड्यातून तीन दिवस मैदानावर असते. पाळीच्या दिवसांत त्रास होतोय, हे मुली मला सांगायच्या नाहीत, तिला सांगतात. बाहेरगावच्या स्पर्धेला मुली असतील तर सोबत एक बाई असतेच, आणि एकट्या मुलाला वा मुलीला घेऊन मी कुठेही जात नाही. याबद्दलही कोणी लेखी नियम दिला नव्हता, पण प्रत्येक मोफत शिकवणाऱ्याने हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा असं माझं ठाम मत आहे.

प्रथमोपचार आणि सीपीआर, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून करायचा उपचार, एका शिबिरात दोन तासांत शिकलो. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीवर पाच-सहा सेंटिमीटर खोल. वापरायची वेळ आलेली नाही. दरवर्षी बाहुलीवर पुन्हा सराव करतो.

मोबाइलचं मात्र जपून. रोज सकाळी ग्रुपवर कोणी ना कोणी परदेशी व्यायामाचा व्हिडिओ टाकतं. शिडी अंथरून नाचरी पावलं, कमरेला रबर बांधून उड्या. दिसायला देखणं असतं. पूर्वी मी आज बघितलेलं उद्या मैदानावर करायचो. आता कारखान्यातली रीत लावतो. आमच्याकडे मशीनचं सेटिंग बदललं की पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय लॉट सोडत नाहीत. तसं, नवं काही आलं की आधी आठवडाभर मी स्वतः करतो. मग आप्पांना दाखवतो, ते एकच विचारतात, "हे कशासाठी?" उत्तर देता आलं तर चार मोठ्या मुलांना, आणि मग बाकीच्यांना. बहुतेक व्हिडिओ आप्पांच्या प्रश्नापाशीच थांबतात. आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियमही मी असाच नेटवर वाचून कायद्यासारखा पाळत होतो. एका मुलीची आई फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, सर, तो फक्त ठोकताळा आहे, उंची वाढत असलेल्या पोराला कधी कधी शून्य टक्केसुद्धा जास्त होतात. म्हणजे वहीत उंची आणि अंतर शेजारी शेजारीच लिहायला हवं. तेव्हापासून तसंच लिहितो.

गेली तीन वर्षं आम्ही चौघं महिन्यातून एका रविवारी भेटतो. पंचवटीतला एक कबड्डीवाला, एक पोहायला शिकवणारी ताई, आप्पा आणि मी. महिन्याला एकाच्या मैदानावर जायचं, सराव पूर्ण बघायचा, मध्ये बोलायचं नाही. नंतर गोल्फ क्लबजवळ चहा. तिथे नियम असा, की आधी ज्याने जे पाहिलं ते सांगायचं, सल्ला नंतर, तोही मागितला तर. ताईने मागच्या खेपेला कबड्डीवाल्याला सांगितलं, "पकड चुकली की पोरगं आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतं." तो बराच वेळ गप्प बसला, मग त्याने वहीत लिहून घेतलं.

या रविवारी पाळी माझी आहे. मैदानावर आता एकतीस मुलं आहेत आणि मला शंका आहे, की मागच्या रांगेपर्यंत माझी नजर अजूनही पोचत नाही. तेच बघा असं मी तिघांना सांगितलंय. सिडकोतल्या त्या तरुणालाही बोलावलंय. सकाळी सव्वासहाला ये, बाभळीपाशी उभा राहा, वही-पेन आण. मागच्या रांगेतलं कोणतंही एक मूल निवड, आणि पाऊण तास फक्त त्याच्याशी काय होतं तेवढंच लिही.